कापलेल्या कार्पेटला घरच्या घरी गोट

आमच्या पॅसेजमध्ये आठ फूट बाय अडीच फुटांचा कार्पेटचा एक तुकडा आहे. दुकानात रोल संपत आला की शेवटचा तुकडा स्वस्तात काढतात, त्यातला. मापाला कापून घेतला, आणला, टाकला. कडेचं काय, हा विचार मनातही आला नाही. तीन महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशने काठाचा एक धागा पकडला. मी बटण बंद करेपर्यंत दोन फूट लांब, पट्टीने आखल्यासारखं सरळ टक्कल पडलं होतं. आई शांतपणे म्हणाली, "अगं, गोधडीला गोट लावतेस ना? मग याला कोण लावणार होतं?"

त्यानंतर मी तीन तुकड्यांच्या कडा घरी केल्या. पहिली पार फसली, बाकीच्या दोन अजून टिकून आहेत. पहिली फसली त्याचं कारण म्हणजे मी कार्पेटला कापड समजत होते.

धागा सुटतो तो कुठून?

कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. मशीनवर होणारं आजचं बहुतेक कार्पेट मात्र विणलेलंच नसतं. प्लास्टिकच्या चपट्या धाग्यांची एक जाळी असते आणि तिच्यात शेकडो सुया एकाच वेळी धागा टोचत जातात. तो धागा कुठेही गाठवलेला नसतो. त्याला धरून ठेवतो तो मागून फासलेला गोंद, म्हणजे खडूची पूड मिसळलेलं लॅटेक्स. त्या गोंदावर दुसरी एक जाळी चिकटवलेली असते, आपल्याला कार्पेटच्या पाठीवर दिसते ती हीच.

तुमच्याकडचा तुकडा उचला आणि कापलेली कड बोटांनी मागे वाकवून बघा. वर लव, तिच्या मुळाशी पहिली जाळी, मग करडा-पांढरा कडक थर, मग दुसरी जाळी, असे थर दिसतील. कात्री चालली तिथे तो कडक थर तुटलेला असतो. काठाच्या ओळीतले धागे मग अर्धेमुर्धे चिकटलेले राहतात आणि पाय घासला, झाडू अडकला की निघतात. जुनं कार्पेट उचलल्यावर फरशीवर पांढरी भुकटी सापडत असेल तर ती धूळ नव्हे. तो तुमचा गोंद आहे. असं कार्पेट कडेला कितीही शिवा, आतून सुटतच राहतं. त्यावर मेहनत घेऊ नका.

म्हणून मशीनच्या कार्पेटला आधी गोंद, मग कापड. नुसती पट्टी लावली तर तिच्या आत धागे सुटतात आणि काही महिन्यांत पट्टीच हातात येते. नुसता गोंद लावला तर काठ सुटत नाही, पण कापलेला तो कापलेलाच दिसतो.

आधी ओळख पटवा

उलटं करून बघा. पाठीवर समोरचंच नक्षीकाम गाठीगाठीने दिसत असेल तर तो हाताने गाठी मारलेला गालिचा, म्हणजे काश्मिरी किंवा भदोही-मिर्झापूरकडचा. त्याचं सगळं वेगळं आहे, ते पुढे सांगते. पाठीवर सुती कापडाचं अस्तर चिकटवलेलं असेल तर हाताने टोचलेला गालिचा. त्याला गोंदाचाच आधार असतो, त्यामुळे मशीनच्या कार्पेटचे नियम त्यालाही लागू. प्लास्टिकची किंवा तागाची जाळी दिसली तर मशीनचं. मांडवात अंथरतात ते लाल-हिरवं पातळ कार्पेट नमद्यासारखं दाबून केलेलं असतं. त्याचे धागे सुटत नाहीत, ते सरळ कापा आणि विसरा.

मशीनच्या कार्पेटमध्ये लव दोन प्रकारची असते. मऊ ब्रशसारखी उभी टोकं असतील तर कापलेली लव. टॉवेलसारखे छोटे फासे असतील तर फाशांची. फाशांच्या कार्पेटमध्ये एक फासा ओढला की शेजारचा येतो, त्याच्या मागून पुढचा, स्वेटर उसवावा तशी पूर्ण ओळ. माझं टक्कल याच जातीचं. त्यामुळे सुटलेला धागा कधीही ओढायचा नाही. लवेच्या उंचीवर कात्रीने कापायचा.

एक चाचणी आणखी. कडेचा एकच धागा कापून घ्या, चिमट्यात धरा आणि सिंकवर, नळाशेजारी, त्याला काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी काळी राख झाली तर लोकर. कागदासारखा जळला तर सुती किंवा ताग. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. स्वस्त कार्पेटमध्ये बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि ते साधारण १६५ अंश सेल्सियसला वितळतं. सुती कपड्यांच्या खुणेवर ठेवलेली इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. हे दोन आकडे मला आधी माहीत असते तर इस्त्रीने चिकटणारी पट्टी मी पॉलिप्रॉपिलीनवर लावली नसती. पट्टी चिकटली खरी, पण तिच्या शेजारची इंचभर लव डब्याच्या झाकणासारखी चकचकीत आणि टणक झाली. फसलेला तुकडा तो हा.

सामान

तीक्ष्ण कटर आणि नवी पाती, स्टीलची लांब पट्टी, खडू. द्रवरूप रबर लॅटेक्स, हे कार्पेट बसवणाऱ्याकडे किंवा रबर-फोमच्या दुकानात मागा. जुना रंगाचा ब्रश, अर्धा इंची. गोटासाठी दोन इंच रुंद सुती पट्टी. नेवार घेऊ नका, ती जाड पडते आणि कोपऱ्यावर दुमडत नाही. पट्टी आणल्यावर एकदा भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या ओल्या पोछ्याला ती आटेल आणि काठ गोळा होईल. चप्पल-बॅग शिवणारे वापरतात तो मेणवलेला नायलॉन दोरा. गादीवाल्याची वाकडी सुई, ती नसेल तर लहान दाभण. अंगुस्तान आणि पक्कड. पक्कड कशाला, हे दहाव्या टाक्याला कळेल.

पट्टी किती? चारही कडा मोजा. माझ्या तुकड्याचा घेर २१ फूट. कोपऱ्यांची दुमड आणि जोड धरून दहा टक्के वाढवले, म्हणजे २३ फूट, सात मीटर. मी साडेसात घेतली. दुकानातून आलेल्या तुकड्याच्या एखाद्या बाजूला कारखान्याची मूळ किनार असू शकते. ती तशीच ठेवा, तेवढं काम वाचलं.

रुंदीचा हिशोबही करून बघा. वरून एक सेंटिमीटर आत टीप, तिथून काठापर्यंत परत एक सेंटिमीटर, कार्पेटची जाडी एक सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरच्या पट्टीतून मागे चिकटवायला दोन उरतात. दीड इंची पट्टी घेतली तर मागे जेमतेम पाऊण सेंटिमीटर येतं आणि तेवढं धरत नाही.

काठ सरळ करणं

कड वाकडीतिकडी असेल तर आधी छाटा. खाली जाड पुठ्ठा घ्या, फरशीला चरे जाऊ नयेत म्हणून. कापलेल्या लवेचं कार्पेट उलटं करून पाठीवर खडूने रेघ मारा आणि पाठीवरूनच कापा. पात्याने फक्त जाळी चिरायची, लव आपोआप सुटी होते. वरून कापलं तर लवेची टोकं तिरकी कापली जातात आणि काठ कुरतडल्यासारखा दिसतो.

फाशांच्या कार्पेटला उलट. वरूनच, दोन ओळींच्या मधून. बोथट स्क्रूड्रायव्हर ओळीतून ओढत नेला की फासे दोन्हीकडे सरकतात आणि मधली वाट दिसते, तिच्यातून पातं चालवा. एकच ओळ धरून शेवटपर्यंत जायचं. मध्येच ओळ बदलली तर त्या जागेचे फासे कापले जातात आणि सुटायला सुरुवात तिथूनच होते. पात्याचं टोक लवकर बोथट होतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की पातं बदला. बोटं बोथट पात्यानेच जास्त कापली जातात.

गोंद: सगळं काम इथे आहे

लॅटेक्स दुधासारखं पांढरं असतं आणि त्याला अमोनियाचा उग्र वास येतो. खिडकी उघडा. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी याला हात लावू नये. बाकीच्यांनी प्लास्टिकचे हातमोजे घालावेत, कारण बोटांवर वाळलं की सोलत बसावं लागतं.

कार्पेट टेबलावर असं ठेवा की कड टेबलाच्या बाहेर इंचभर लटकेल. एका हाताने लव मागे दाबून धरा, म्हणजे मुळं उघडी पडतात. दुसऱ्या हाताने ब्रश जाळीच्या कापलेल्या तोंडावर टेकवून हळू चालवा. तीन ते पाच मिलिमीटरची सलग रेघ हवी, ती लवेच्या मुळाला आणि दोन्ही जाळ्यांच्या मध्ये लागली पाहिजे. लवेच्या टोकांना लागता कामा नये. लागलंच तर ओलं असतानाच पाण्याच्या फडक्याने टिपा, वाळल्यावर निघत नाही. एकदा पूर्ण फेरी झाली की उलट दिशेने दुसरी, कारण एका बाजूने जाताना ब्रश धाग्यांच्या मागची जागा सोडतो. हे मला दुसऱ्या तुकड्यावर, फिरून कड वाकवल्यावर दिसलं.

वाळलं की पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक, पिवळसर होतं. कुठेही दुधाळ डाग दिसत असेल तर आतून ओलं आहे. उन्हाळ्यात रात्रभर पुरतं, पावसाळ्यात दोन रात्री ठेवा. मग काठाचा एक धागा चिमटीत धरून हलका ओढून बघा. हलला तर तिथे आणखी एक हात.

लॅटेक्सऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद लावावा का? तोही वाळून पारदर्शक होतो, म्हणून पहिल्यांदा मीही तोच लावला होता. पण तो पाण्याने मऊ पडतो. चार वेळा ओला पोछा कडेवरून गेला आणि काठ चिकट होऊन धूळ धरू लागला. भिंतीवर टांगायच्या गोष्टीला ठीक, फरशीवर नको.

गोट शिवणं

घरचं शिलाई मशीन या कामाला लावू नका, सुई तर मोडतेच, वेळप्रसंगी मशीनचं टायमिंगही बिघडतं. हाताने शिवायचं नसेल तर रिक्षा-स्कूटरची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडे न्या. त्याचं मशीन रेक्झिन आणि फोम एकत्र शिवतं, पातळ कार्पेट त्याला जड नाही. मात्र गोंदाचं काम घरी करून न्या, ते तो करणार नाही.

हाताने शिवायचं तर असं:

१. पट्टी कार्पेटच्या वरच्या बाजूवर उलटी ठेवा, पट्टीची कड आणि कार्पेटची कड एका रेषेत. टाचण्या लवेत हरवतात, त्यापेक्षा कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, चार-चार बोटांवर.

२. काठापासून एक सेंटिमीटर आत उलटी टीप घाला. एक टाका पुढे, अर्धा मागे. टाका सात-आठ मिलिमीटरचा पुरे. सुई पाठीच्या जाळीतून जाताना अडते, तेव्हा अंगुस्तानाने ढकला आणि मागून पकडीने ओढा. सुई तिरकी गेली तर मोडते, सरळ उभी घाला.

३. आधी दोन्ही लांब बाजू करा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी टोकाशी छाटून. मग आखूड बाजू. त्यांची पट्टी दोन्हीकडे इंच-इंच जास्त ठेवा आणि ते टोक आत दुमडून कोपरा झाका. गोधडीचा कोपरा असाच करतात. तिरका जोड दिसायला सुंदर, पण एक सेंटिमीटर जाडीवर तो फुगतो. माझं मत, नादी लागू नका. गोल कोपरा हवाच असेल तर वाटी ठेवून आखा आणि तेवढ्यापुरती तिरकी कापलेली पट्टी वापरा, सरळ पट्टी गोलाईवर चुण्या पाडते.

४. आता पट्टी काठावरून पाठीकडे वळवा, घट्ट ओढून. पाठीवर ती जाळीत हातशिलाईने टाचा किंवा रबराच्या चिकट द्रावणाने बसवा. द्रावण पट्टीला आणि जाळीला दोन्हीकडे लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर पट्टी सरकत राहते. याची वाफ पेट घेते, त्यामुळे गॅस बंद, देवघरातली समई शांत झालेली, पंखा चालू.

वरून एकही टाका दिसत नाही, फक्त पट्टीची बारीक चौकट दिसते. मी गडद तपकिरी पट्टी लावली होती. कार्पेटशी तंतोतंत जुळणारा रंग शोधत फिरू नका, थोडी गडद छटा मुद्दाम केल्यासारखी दिसते आणि मळही लपवते.

पट्टी नको असेल तर काजाचा टाका

शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाच्या कडेला जो टाका घालायला लावायचे तोच. जाड लोकर किंवा मेणवलेला दोरा घ्या, काठापासून बारा मिलिमीटर आत सुई घाला, दोऱ्याचा फास काठावर पकडा, आठ-दहा मिलिमीटरवर पुढचा. काठाच्या लांबीच्या पाचपट दोरा लागतो. अडीच फुटांच्या कडेला जवळपास चार मीटर, पण एका वेळी दीड मीटरपेक्षा जास्त ओवू नका, गुंता होतो. काठ पूर्ण झाकला जाईल असा दाट टाका घालायचा तर दोरा पंधरा-सोळा पट लागेल आणि एक कड करायला एक रविवार जाईल. दिसायला मात्र दुकानातल्या लोकरी कडेसारखा दिसतो. हाही टाका लॅटेक्स वाळल्यावरच.

दारातली कड

दोन खोल्यांच्या मध्ये, दारात, कड उघडी राहते तिथे गोट फार दिवस टिकत नाही, दर वेळी पाय तिथेच पडतो. तिथे ॲल्युमिनियमची पट्टी बसवा. दार आधी उघड-बंद करून बघा, खालच्या फटीत पट्टी मावते का ते. फरशीत स्क्रू घ्यायचा असेल तर टाइल्सचं बिट वापरा, जागेवर कागदी चिकटपट्टी लावून भोक पाडा म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. भाड्याच्या घरात भोकं पाडू नका, पट्टी सिलिकॉनने बसवा आणि एक दिवस तिच्यावर पाय देऊ नका. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असलेल्या घरात राहणाऱ्यांचा नेहमीचा त्रास हाच दारातला काठ. तिथे काम करताना कडेने हात फिरवू नका, बऱ्याच ठिकाणी कार्पेटखाली वर टोकं आलेल्या खिळ्यांची लाकडी पट्टी असते.

सतरंजी आणि खरा गालिचा

सुती सतरंजीच्या दशा सुटत असतील तर चार-सहा धागे एकत्र घेऊन, गाठ काठाला भिडेल अशी सरकवून बांधा. दशा नकोच असतील तर काठ दोनदा दुमडून घरच्या मशीनवर शिवता येतो, १८ नंबरची सुई आणि सगळ्यात लांब टीप लावून.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या झालरीला मात्र कात्री लावू नका. ती झालर मागाहून लावलेली नसते. तो गालिच्याचा ताणाच आहे, अख्खा गालिचा त्या उभ्या धाग्यांवर उभा आहे. झालर विरळ झाली की टोकाचे आडवे धागे सुटू लागतात आणि मग गाठी. घरी एवढंच करा: जाड सुती दोरा घेऊन, दोन-तीन आडवे धागे आत सुई घालून, टोकाच्या रुंदीभर तिरके टाके घाला, दर टाक्यात दोन-तीन उभे धागे पकडून. लॅटेक्स, चिकटपट्टी, इस्त्री यातलं काहीही नको. गाठी सुटल्याच असतील तर रफूगाराकडे न्या, आणि नेईपर्यंत गुंडाळून ठेवा, चालू नका त्याच्यावर.

नंतरची काळजी

व्हॅक्यूमचा फिरता ब्रश काठावर आणायचा नाही. कडेपासून आत, लांबीच्या दिशेने. ओला पोछा कार्पेटला टेकवत नेऊ नका. तागाची पाठ ओल धरते आणि पावसाळ्यात वास येतो. कोपरा वर उचलला जात असेल तर तो त्याच दिवशी बसवा, घरात वयस्कर माणूस असेल तर पायात अडकून पडणं फार महागात जातं. खाली रबराची जाळीदार, न घसरणारी चटई घातली की कार्पेट सरकत नाही. सरकलं नाही की काठही घासला जात नाही.

माझ्या पॅसेजच्या तुकड्याचं टक्कल अजून आहे. ती बाजू भिंतीकडे केली आणि वर चपलांचा स्टँड ठेवला.